लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळतं का? लॅमिंग्टन रोडची चक्कर आणि ऑक्युलिंक डॉकचा रिव्ह्यू

आधी उत्तर सांगून टाकतो, कारण खाली बरंच लांबलंय. तुमचा गेमिंग लॅपटॉप गेल्या सात-आठ वर्षांतला नेहमीचा असेल, म्हणजे साठ हजारापासून दीड-दोन लाखापर्यंतचा दुकानात मिळतो तसा कुठलाही, तर त्याच्या आतलं ग्राफिक्स कार्ड काढून मोठं बसवता येत नाही. नाही म्हणजे नाही. आत 'कार्ड' असं काही वेगळं नसतंच, चिप (जीपीयू) असते आणि ती मदरबोर्डला सोल्डर केलेली असते. बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड मात्र जोडता येतं, मी तेच केलंय आणि हा रिव्ह्यू त्या जोडणाऱ्या डॉकचा आहे. पण त्याआधी लॅमिंग्टन रोडवर काय काय ऐकायला मिळालं तेही लिहितो, कारण तिथे दर शनिवारी माझ्यासारखे चार-पाच जण तरी पाठीवर सॅक लावून 'ग्राफिक्स कार्ड वाढवून मिळेल का' विचारत फिरत असतात आणि त्यातल्या एखाद्याचे तरी पैसे वाचावेत.

लॅपटॉप २०२१ चा. प्रोसेसर रायझन ५ ५६००एच, ग्राफिक्स चिप आरटीएक्स ३०५० चार जीबीवाली, रॅम नंतर मी सोळा केली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा प्रॉब्लेम एका कंपनीचा नाहीच, त्या किमतीतले सगळेच एकाच माळेचे मणी. घेतला तेव्हा झकास चालायचा. आता नवीन गेम टाकला की चार जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी) तिथेच संपते, टेक्स्चर हाय केलं की भिंतीवरची अक्षरं चिखल लावल्यासारखी दिसतात, मग दोन सेकंदांनी नीट होतात, मग मान वळवली की परत चिखल. बरं प्रोसेसर अजून धडधाकट आहे, स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे, नुसत्या त्या एका चिपसाठी सगळा लॅपटॉप विकायचा म्हणजे जिवावर येतं.

ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण तिथल्या बिलांवरसुद्धा लॅमिंग्टनच. (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) पहिल्याच मोठ्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा न बघताच बोलला, 'हो जाएगा, छोड के जाओ.' काय होणार, कसं होणार, काही नाही. मी म्हटलं नक्की काय करणार ते सांगा, तेव्हा आतून एक जण आला आणि म्हणाला मदरबोर्डच बदलून देतो, ३०६० वाला बोर्ड टाकतो, चाळीस हजार. आता हे ऐकायला बरं वाटतं, आणि तत्त्वतः पूर्ण खोटंही नाहीये. एकाच मॉडेलचे ३०५० वाले आणि ३०६० वाले लॅपटॉप बऱ्याचदा एकाच बॉडीत येतात, त्यामुळे वरचा बोर्ड खालच्या बॉडीत बसू शकतो. पण मग हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) वेगळा लागतो, कारण ३०६० च्या बाजूच्या मेमरी चिप वेगळ्या जागी असतात, चार्जर मोठा लागतो, माझा १८० वॉटचा आहे, आणि तो बोर्ड मुळात येणार कुठल्या तरी फुटक्या स्क्रीनच्या किंवा पाणी सांडलेल्या लॅपटॉपमधून. त्याची वॉरंटी विचारली तर 'चेकिंग वॉरंटी'. म्हणजे दुकानात चालू करून दाखवणार, जिना उतरलात की तुमचं तुम्ही. चाळीस हजारात थोडे टाकले की सेकंडहँड आख्खा लॅपटॉप येतो. नमस्कार केला आणि निघालो.

दुसरं दुकान एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर, जिना असा की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. दुकान म्हणजे एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक बीजीए मशीन (सोल्डर केलेल्या चिप काढायचं-बसवायचं) आणि उघडलेल्या लॅपटॉपांची चळत. काका एकटेच, गिरगावातले, चष्मा कपाळावर. मी प्रश्न विचारला तर उत्तर न देता शेजारचा एक उघडा बोर्ड उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

'ही बघ तुझी जीपीयू. म्हणजे तुझी नाही, तुझ्यासारख्याची, ३०५० च आहे. हिच्या खाली पाय नसतात, शेकडो सोल्डरचे बॉल असतात, ते खालच्या पॅडवर बसलेत. आणि ह्या बाजूच्या चार काळ्या चिप म्हणजे मेमरी. एक जीबीची एक, झाले चार.'

'मग काका, ही काढून ३०६० ची लावली तर?'

'लाव की. पण तिला मेमरीच्या सहा चिप लागतात. इथे जागा चारची. उरलेल्या दोन काय मी माझ्या कपाळावर लावू?'

हे मला इतकं पटलं ना की नंतर घरी जाऊन बघितलं, आणि बरोबर आहे, लॅपटॉपच्या ३०५० चा मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) १२८ बिटचा आणि ३०६० चा १९२ बिटचा, एका चिपला ३२ बिट म्हणजे चार आणि सहा. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषाच त्या हिशोबाने काढलेल्या असतात. वर पुन्हा त्या चिपला करंट पुरवणारी सर्किटं वेगळी, बायॉस (चिप चालू करणारा आतला प्रोग्राम) वेगळी, हीटसिंक वेगळा. म्हणजे सोल्डरिंग जमणं न जमणं हा मुद्दाच नाही. काका दिवसभर तेच करतात, मेलेली जीपीयू काढून तशीच्या तशी दुसरी बसवतात, तो त्यांचा धंदा आहे. बदलणं होतं, वाढवणं होत नाही. दुरुस्तीवाला 'जीपीयू बदलून देतो' म्हणाला तर त्याचा अर्थ हा, तेवढं लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती महत्त्वाची आहे. डिस्प्ले गेलेला लॅपटॉप घेऊन गेलात आणि कोणी म्हणालं की नुसती गरम हवा मारून चालू करतो, तर करून घेऊ नका. चालू होतो, पैसे घेतात, आणि थोड्या दिवसांत परत बंद. हे फॅड जुनं आहे. २००७-०८ च्या काळात एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या चिप पॅकेजिंगच्या मटेरियलमुळे ढिगाने मरायला लागल्या होत्या, २००८ च्या जुलैमध्ये कंपनीने स्वतःच त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय असं जाहीर केलं होतं, आणि तेव्हा गल्लोगल्ली हीटगन मारणारे तयार झाले. काकांच्या म्हणण्यानुसार त्या काळात त्यांनी कमावलं पण भरपूर आणि शिव्या पण भरपूर खाल्ल्या, कारण बॉल ठीक असायचे, चिपच आतून गेलेली असायची, मग वरून कितीही शेका.

सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. मग मीच म्हटलं निदान सर्व्हिसिंग तरी करा. पंखे उघडले तर आत चक्क लोकरीसारखी गादी निघाली, डोंबिवलीच्या बांधकामांची कृपा. पेस्ट बदलली, जीपीयू आणि प्रोसेसरवर फेज चेंज पॅड टाकला (हनीवेलचा पीटीएम ७९५० म्हणून येतो, एकदा लावला की पेस्टसारखा दर वर्षी बदलायची कटकट नाही). गेम खेळताना जो प्रोसेसर नव्वदच्या वर जायचा तो ऐंशीच्या आसपास राहायला लागला आणि पंख्याचा आवाज ऐकून आई 'मिक्सर लावलाय का' विचारायची ते थांबलं. दुकानाचं नाव लिहू नको म्हणाले, आधीच खूप गर्दी आहे म्हणे. सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी पाच, जिन्याला शून्य.

तर मूळ प्रश्न. लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येणं ही काही अशक्य गोष्ट नाहीये, पूर्वी यायचं. एमएक्सएम नावाचा प्रकार होता, एनव्हिडियानेच २००४ च्या सुमारास आणलेला, छोट्या पाटीसारखं कार्ड, स्लॉटमध्ये घालायचं आणि स्क्रू मारायचे. एलियनवेअरच्या जुन्या एम १७ एक्स मध्ये, एमएसआयच्या जीटी ७२ मध्ये, क्लेव्होच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये हे असायचं. पण तिथेही घोळ होताच, स्लॉट तोच असला तरी कार्डाचा आकार, हीटसिंकची भोकं, बायॉस, सगळं प्रत्येक कंपनीचं आपापलं, त्यामुळे हौशी लोक फर्मवेअर बदलून वगैरे जमवायचे आणि बाकीचे नाद सोडायचे. पुढे सगळ्यांना लॅपटॉप पातळ हवे झाले आणि एमएक्सएम गेमिंगमधून गेलंच.

मग २०१९ च्या जानेवारीत डेलने एलियनवेअर एरिया ५१ एम दाखवला. प्रोसेसर डेस्कटॉपचा, सॉकेटमध्ये बसणारा, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळ्या मॉड्यूलवर, आणि जाहिरातीचा सगळा जोर अपग्रेडवर. लोकांनी लाखो रुपये टाकून घेतला. नंतर आरटीएक्स २० सुपर सिरीज आली आणि ती त्यात टाकायचा मार्ग मिळाला नाही, नवीन मॉडेल घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोर्टात त्यावरून डेलवर केस झाली. मला यातून एवढंच दिसतं की मॉड्यूल काढता येतं की नाही हा अर्धाच प्रश्न आहे, त्या आकाराचं पुढचं मॉड्यूल कंपनी बनवणार आहे का हा उरलेला अर्धा, आणि तो बॉक्सवर लिहिलेला नसतो.

तो अर्धा पाळलेली कंपनी मला माहीत असलेली एकच, फ्रेमवर्क. निरव पटेल यांची अमेरिकेतली कंपनी. त्यांचा फ्रेमवर्क लॅपटॉप १६ हा २०२४ च्या सुरुवातीला लोकांच्या हातात आला, मागे एक कप्पा आहे त्यात ग्राफिक्सचं आख्खं मॉड्यूल पंख्यांसकट सरकवायचं. सुरुवातीला एएमडीचं आरएक्स ७७००एस होतं, आठ जीबी. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आरटीएक्स ५०७० वालं मॉड्यूल जाहीर केलं, ६९९ डॉलर, आणि ते जुन्या २०२४ च्या लॅपटॉपमध्येही बसतं. खरंच बसतं. आता रुपयांत हिशोब केला तर त्या मॉड्यूलच्या किमतीत इथे बऱ्यापैकी आख्खा गेमिंग लॅपटॉप येतो, आणि तेही आठ जीबीचंच, त्यामुळे स्वस्त म्हणून कोणी घेत नाही. इथल्या दुकानात तो मिळतही नाही, पुण्याच्या माझ्या मित्राने परदेशातून येणाऱ्या भावाकडून आणवलाय आणि त्याला काही झालं तर काय करायचं याचं उत्तर त्याच्याकडे नाही. पण सिद्ध तर केलं ना त्यांनी, की करायचं म्हटलं तर होतं.

आपल्याकडे उरतो बाहेरचा रस्ता. ह्याचे पण प्रकार आहेत. ज्यांच्या लॅपटॉपला थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ हे वेगवान पोर्ट आहे त्यांचं सोपं, केबल लावली की झालं, बंद करायची पण गरज नाही. थंडरबोल्ट ३ आणि ४ म्हणजे ४० गिगाबिट, त्यातलं ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतं फार तर ३२. माझ्या लॅपटॉपला ते नाहीच, त्या काळातल्या एएमडीवाल्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपना नव्हतं. तुमच्या लॅपटॉपचा टाइप सी पोर्ट बघून खूश होऊ नका, शेजारी विजेची खूण आहे का, स्पेसिफिकेशनमध्ये थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ असं लिहिलंय का ते बघा, नुसत्या टाइप सी वर हे चालत नाही.

म्हणून मी घेतला एम.२ वाला, म्हणजे एसएसडीच्या स्लॉटमधून जोडायचा. एसएसडी लावायचे दोन स्लॉट आहेत, एकात एसएसडी, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या स्लॉटमध्ये एक बोटभर पट्टी बसते, तिला ऑक्युलिंकचं (पीसीआय एक्सप्रेस केबलने बाहेर काढायचा प्रकार) सॉकेट, त्यातून केबल बाहेर, केबलचं दुसरं टोक डॉकला, डॉकवर डेस्कटॉपचं कार्ड उभं. स्लॉट एसएसडीचा असला तरी त्यातून पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन येतात आणि ग्राफिक्स कार्डाला तेच लागतं. कार्ड सोळा लेनचं आणि आपण देतोय चार, म्हणजे मोठा हायवे येऊन टोलनाक्याला चार खिडक्याच उघड्या असल्यासारखं, गाड्या जातात पण रांग लागते. नवीन लॅपटॉपमध्ये त्या चार लेन चौथ्या पिढीच्या असतात, ६४ गिगाबिट. माझा ५६००एच प्रोसेसर तिसऱ्या पिढीवरच थांबतो, म्हणजे ३२.

डॉकवर कंपनीचं नावच नाही, ऑनलाइन मागवला, पट्टी आणि केबल धरून सहा हजारांच्या आत पडला. पत्र्याचा एक तळ, त्यावर बोर्ड, बोर्डावर कार्डाचा स्लॉट आणि डेस्कटॉपच्या एसएमपीएसची (वीज पुरवणारा डबा) २४ पिनची जागा. एसएमपीएस वेगळा घ्यायचा, मी ५५० वॉटचा चांगल्या कंपनीचा घेतला आणि इथे काटकसर करू नका असं मी दहा वेळा सांगेन. कार्ड सेकंडहँड, आरटीएक्स ३०६० बारा जीबी, सतरा हजार. सेकंडहँड घेताना मायनिंगमध्ये (दिवसरात्र कार्ड चालवून क्रिप्टो नाणी कमावणं) तापलेलं असेल का ही भीती असते, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हापासून असली कार्डं बाजारात फिरतायत. म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम लावून तापमान आणि पंखे बघितले मगच पैसे दिले. मॉनिटर माझ्याकडे होता.

बसवायला तसं अवघड नाही पण एक गोष्ट कोणत्याच व्हिडिओत नीट दाखवत नाहीत, केबल बाहेर काढायची कुठून? लॅपटॉपच्या खालच्या झाकणाला तेवढी फट नसते. काही लोक झाकण न लावताच वापरतात, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच. मी झाकणाच्या कडेला व्हेंटच्या जाळीजवळ पेन्सिलने खूण केली आणि कानशीने हळूहळू घासून सॉकेटएवढी खाच पाडली, कानस मारताना झाकण लॅपटॉपपासून वेगळं ठेवा, प्लॅस्टिकचा भुसा बोर्डावर पडला तर नंतर शोधत बसाल. वॉरंटी संपली होती म्हणून हे धाडस. वॉरंटीत असेल तर विचारही करू नका, खाच बघितली की सर्व्हिस सेंटरवाला हात वर करणार.

चालू करायचा क्रम पक्का आहे. आधी एसएमपीएस चालू, डॉकवरचा दिवा लागला की मग लॅपटॉप. ऑक्युलिंकला चालू असताना केबल काढायची-घालायची सोय नाही, काढलीत तर लॅपटॉप जागच्या जागी गोठतो आणि नशीब वाईट असेल तर स्लॉट जातो. पहिल्यांदा चालू केलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसलं पण पिवळा त्रिकोण आणि कोड १२, म्हणजे विंडोजला त्याच्यासाठी जागा मिळाली नाही. आतली ३०५० तिथेच डिसेबल केली, रीस्टार्ट मारला, बाहेरची जिवंत झाली. जीपीयू झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर बस इंटरफेसपुढे लिहून आलं 'एक्स १६ ४.० @ एक्स ४ १.१' आणि एकदम धस्स झालं, १.१ म्हणजे पहिली पिढी! पण ते कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला खाली येतं, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालू केली की लगेच १.१ चं ३.० झालं. तुमचं तिथेही १.१ च राहिलं तर केबल किंवा पट्टी बोगस आहे, परत पाठवा.

आता फरक. सायबरपंक २०७७, फुल एचडी, हाय सेटिंग: आधी सेकंदाला तीस-पस्तीस फ्रेम आणि मध्येमध्ये ठेचा (चित्र अडखळायचं), आता पंचावन्न ते पासष्ट, आणि मुख्य म्हणजे ठेचा नाहीत, तो चिखल गेला. बारा जीबीचा खरा फायदा हा, फ्रेमचा आकडा वाढतो त्यापेक्षा अडखळणं जातं. हेच कार्ड डेस्कटॉपमध्ये असतं तर अजून थोडं जास्त मिळालं असतं, चार लेनचा तेवढा दंड आहे. काउंटर स्ट्राइक, व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना ह्यात काही मिळणार नाही, तिथे प्रोसेसरच मर्यादा टाकतो, फ्रेम जवळपास तेवढेच. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) मात्र मजा आहे, सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की लेन चार आहेत की सोळा याने काही बिघडत नाही, बाहेरच्या कार्डात ३५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) विरुद्ध आतल्या चिपमध्ये २०४८, आणि जे सीन आधी मेमरी संपली म्हणून उघडतच नव्हते ते आता रेंडर होतात. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

एक गोष्ट घ्यायच्या आधी समजून घ्या, हे सगळं बाहेरच्या मॉनिटरवर. एचडीएमआय केबल थेट कार्डाला. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर पण चित्र आणता येतं पण मग तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच अरुंद केबलने उलट परत येते आणि कमावलेल्यातलं बरंच त्यातच जातं. मॉनिटर नसेल तर त्याचे सात-आठ हजार धरून चाला.

तक्रारी? आहेत ना. स्लीपमध्ये टाकलं की उठताना कार्ड सापडत नाही, त्यामुळे मी स्लीप बंदच करून टाकलंय. विंडोज अपडेट स्वतःच ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतं आणि दुसऱ्या दिवशी परत तो पिवळा त्रिकोण. केबल जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे डॉक लॅपटॉपला खेटूनच ठेवायचा. आणि सगळ्यात वैताग, लाइट. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तो चालू राहतो, पण डॉकच्या एसएमपीएसला कुठली बॅटरी, कार्ड चालू गेममध्ये मरतं आणि लॅपटॉप निळा स्क्रीन दाखवून आडवा. म्हणजे लॅपटॉप असून नसल्यासारखा. शेवटी एक यूपीएस घ्यावा लागला, त्यावर पाच मिनिटं मिळतात, गेम सेव्ह करून बंद करायला पुरतात. तो खर्च पण ह्यातच धरा: डॉक सहा, कार्ड सतरा, एसएमपीएस चारच्या आसपास, यूपीएस तीन. तीस हजार झाले की हो.

तीस हजारात दुसरं काय आलं असतं? जुना लॅपटॉप विकून त्यात हे तीस टाकले असते तर आरटीएक्स ४०५० सहा जीबीवाला किंवा ताणून ४०६० आठ जीबीवाला आला असता. ज्याला लॅपटॉप कॉलेजला, गावाला, होस्टेलवर न्यायचाय त्याने डोळे झाकून तेच करावं. माझा भाचा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, त्याने फोटो बघितले आणि लगेच फोन, 'मामा मला पण असंच करून दे.' त्याला सरळ नाही म्हटलं, होस्टेलच्या खोलीत तिघं जण राहतात, एसएमपीएस कुठे ठेवणार आणि उघडं कार्ड कुठे ठेवणार. त्याच्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच आठ जीबीची पट्टी होती, दुसरी बसवून दिली, ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या एकदम वापरणं) झालं आणि त्याचा गेम मस्त पळायला लागला. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे एकच पट्टी आहे त्यांनी जीपीयूचा विचार करायच्या आधी हे करा, दुसरी पट्टी, नवीन एसएसडी, पंख्यांची सफाई, हे सगळं बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये बदलता येतं आणि जीपीयूच्या मानाने स्वस्त पडतं. मला हा डॉक पटला कारण माझा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही आणि ब्लेंडरला बारा जीबी हवेच होते, नवीन लॅपटॉपमध्ये बारा जीबी बघायला गेलं की किंमत कुठल्या कुठे जाते.

नवीन घेणाऱ्यांसाठी एकच, जीपीयू आत्ता घ्याल तीच शेवटपर्यंत, त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका. ४०६० लिहिलेला लॅपटॉप ३५ वॉटचा पण असू शकतो आणि ११५ वॉटचा पण, चिप तीच, वेगात जमीन-अस्मानाचा फरक. सेल्समनला टीजीपी (ग्राफिक्स चिपला किती वॉट वीज मिळते तो आकडा) किती विचारा. त्याला माहीत नसेल, बहुतेकांना नसतं, मग त्याच्यासमोरच कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा, तो बघत बसेल, बसू दे. व्हीरॅम आठच्या खाली घेऊ नका. थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ असेल, निदान एसएसडीचा दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर अजून चार वर्षांनी तुमच्याकडेही हा बाहेरचा रस्ता उघडा राहील.

डॉकला पाचपैकी साडेतीन. अर्धा स्लीपसाठी कापला, अर्धा केबलच्या लांबीसाठी, आणि अर्धा उघडेपणासाठी, कारण कार्डावर काही झाकण नाही आणि थंडीत पालीला त्याच्या मागची गरम जागा भलतीच आवडते. सध्या मी बंद केल्यावर वरून भाजीची जाळीदार टोपली पालथी घालतो. चालू असताना काढायची विसरू नका.